लोह काढणारी औषधं: गोळी यायच्या आधी काय होतं?

चिऊचा बाबा (ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार. दर एकवीस दिवसांनी रक्त चढवतो. गेल्या महिन्यात फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, १४६० आलं म्हणून डॉक्टरांनी डेफेरासिरॉक्स ही लोह काढणारी गोळी सुरू केली. सकाळी उपाशीपोटी गोळी पाण्यात घोळवून पाजायची. चिऊ घोट तोंडात धरून बसते, मग अर्धं फ्रॉकवर ओघळतं. परवा मी डॉक्टरांपुढे जरा वैतागलो. ते एवढंच म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी आला असतात तर रात्रभर पोटात सुई ठेवावी लागली असती." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि विषय तिथेच राहिला.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. ही किलेशनची, म्हणजे अंगातला धातू धरून बाहेर काढणारी, औषधं आली कुठून? नेटवर शोधलं तर कुठे आर्सेनिक, कुठे शिसं, कुठे तांबं, कुठे विषारी वायू. याचा माझ्या मुलीच्या गोळीशी काय संबंध? आणि त्या सुईतून गेलेलं कुणी इथे आहे का?

रसायनाचे सर (मालवण)

एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे सुरुवातीचा भाग मी सांगतो. पुढचं ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगावं.

'किलेट' हा शब्द मॉर्गन आणि ड्रू या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली काढला, खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. आमच्याकडे कुर्लीचे डेंगे म्हणतात. एका डेंग्यात धरलेली वस्तू सुटते, दोन्हीत धरली की सुटत नाही. रेणूचंही तसंच. धातूच्या अणूला दोन किंवा जास्त बाजूंनी धरणारा रेणू म्हणजे किलेटर. धरलेला धातू मग लघवीवाटे किंवा शौचावाटे बाहेर नेता येतो.

औषध म्हणून याची सुरुवात युद्धाच्या भीतीतून झाली. पहिलं महायुद्ध संपता संपता अमेरिकेत ल्युइसाइट नावाचा आर्सेनिकयुक्त वायू तयार झाला होता. कातडीला लागला की फोड येतात. तो त्या युद्धात वापरला गेला नाही, पण दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा तो आपल्यावर पडेल अशी ब्रिटिशांना धास्ती होती. ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स यांच्या प्रयोगशाळेकडे उतारा शोधायचं काम आलं. पीटर्स आधी ब१ जीवनसत्त्वावर काम करत होते, ते नसलेल्या कबुतरांच्या मेंदूत साखर जळण्याची साखळी कुठे अडते ते बघत होते. आर्सेनिकही त्याच साखळीत खोडा घालतं, हे त्यांच्या लक्षात आलं. स्टॉकन आणि थॉम्पसन या त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की आर्सेनिक प्रथिनातल्या एका नव्हे, दोन गंधकांना एकदम धरतं. मग उतारा म्हणून एका गंधकाचा रेणू पुरणार नाही, दोन शेजारी गंधक हवेत. त्यांनी ग्लिसरीनच्या रेणूत दोन ठिकाणी गंधक बसवला. तेच बीएएल, म्हणजे ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट. वर्गात शिकवताना या जागी मी नेहमी थांबायचो. रोग नेमका कुठे पकडतो ते आधी कळलं आणि औषध त्या मापाने बेतलं, असं त्या काळात फार क्वचित घडत होतं.

युद्ध संपेपर्यंत हे गुपित होतं, १९४५ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. ज्यांच्यासाठी बनवलं त्यांच्यावर तो वायू पडलाच नाही. पण तेव्हा सिफिलिसवर आर्सेनिकची औषधं देत, त्यातून विषबाधा झालेल्या रुग्णांना ते उपयोगी पडलं. ते शेंगदाणा तेलात मिसळून खोल स्नायूत टोचावं लागे. फार दुखायचं आणि घाण वास यायचा.

शिशासाठी दुसरा रेणू आला, ईडीटीए. जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी तो १९३० च्या दशकात बनवला, तो कापड रंगवण्याच्या कामासाठी. जड पाण्यातलं कॅल्शियम रंगाला त्रास देई, ते बांधून ठेवायचं होतं. १९५० नंतर तो शिशाच्या विषबाधेत वापरात आला. तो नुसता दिला तर रक्तातलंच कॅल्शियम ओढून घेतो, म्हणून आधीच कॅल्शियम धरलेल्या रूपात देतात. शिसं भेटलं की कॅल्शियम सोडून त्याला धरतो.

आता तुमचा संबंध. लोहाला गंधकाची नांगी चालत नाही. बीएएलने लोह धरलं तर ती जोडी उलट विषारी ठरते. लोहाला ऑक्सिजनची नांगी लागते आणि ती माणसाला एका जंतूकडून मिळाली. त्यापुढचं मला पुस्तकातूनच माहीत आहे.

मावशी१९८४ (डोंबिवली)

सरांनी जिथे सोडलं तिथून मी सांगते. माझी लेक १९८४ ची. आठव्या महिन्यात कळलं, मेजर आहे.

आधी लोहाचं गणित, कारण ते मला कुणी पाच वर्षं नीट सांगितलं नव्हतं. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं, जास्त टाकायची सोयच त्याच्याकडे नाही. म्हणजे जे रक्त मुलाला जगवतं तेच आत लोह साठवत जातं. यकृतात, ग्रंथींत, हृदयात. आमच्या वेळी मुलं रक्ताअभावी कमी, लोहाने हृदय बंद पडून जास्त जायची.

ते जंतूचं औषध म्हणजे डेस्फेराल. मातीत एक जंतू असतो, स्ट्रेप्टोमायसीस पिलोसस. मातीतलं लोह ओढून घ्यायला तो स्वतःच एक रेणू बनवतो. स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीचे आणि झुरिकच्या विद्यापीठातले लोक १९६० च्या सुमारास लोह असलेली अँटिबायोटिक्स शोधत होते, त्यात हा रेणू हाती लागला. औषध उत्तम, पण पोटातून घेतलं तर अंगात शोषलंच जात नाही, आणि शिरेत दिलं तर काही मिनिटांत निघून जातं. सुरुवातीला रोज स्नायूत टोचायचे. मग १९७६-७७ च्या सुमारास बोस्टन आणि लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं की कातडीखाली बारीक सुई ठेवून आठ-दहा तास थेंब थेंब सोडलं तर लोह कितीतरी जास्त निघतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली सुई ती हीच.

आमच्याकडे पंप आला १९८९ साली, दिराने लंडनहून आणला. चष्म्याच्या घराहून थोडा मोठा. रात्री साडेनऊला मी ओट्यावर स्वच्छ फडकं अंथरायचे. बाटलीत पांढरी पूड असायची, पाचशे मिलिग्रॅम. त्यात इंजेक्शनचं पाणी घालायचं आणि तळहातांत धरून हळूहळू फिरवायचं, सगळी विरघळेपर्यंत. ते सिरिंजमध्ये ओढायचं, पुढे लांब नळी, टोकाला फुलपाखरासारखे पंख असलेली सुई. मग लेकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई तिरकी घालायची, वर चिकटपट्टी. पंप उशीखाली. दर थोड्या वेळाने त्याचा घर्र असा बारीक आवाज यायचा आणि तो थांबला की मला जाग यायची. सकाळी सुई काढली की तिथे लाल, टणक गाठ. फडकं गरम करून शेक द्यायचा आणि मगच शाळेचा गणवेश. आठवड्यातून पाच रात्री सांगितल्या होत्या, सहा झाल्या तर उत्तम.

सकाळची लघवी कोकमाच्या पाण्यासारखी लालसर व्हायची. पहिल्यांदा बघून मी घाबरले. सिस्टरांनी सांगितलं, बाई, हेच तर लोह आहे, जाऊ दे बाहेर. मग तो रंग बघायची मला सवयच लागली. जितका गडद तितकं बरं वाटायचं.

औषध परदेशी, पगाराचा अर्धा भाग त्यात जायचा. ज्या महिन्यात जमायचं नाही त्या महिन्यात पाचाच्या तीन रात्री व्हायच्या. आमच्याबरोबर रक्त घ्यायला येणारा एक मुलगा होता, त्याच्या घरी पंपच नव्हता. महिन्यात एकदा रक्ताबरोबर एक-दोन बाटल्या शिरेतून मिळायच्या तेवढंच. सतराव्या वर्षी हृदयाने गेला. तो लेकीला गणितं शिकवायचा. त्याच्या आईला मी अजून दिवाळीत भेटते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजून जड जातं. १९९४ चा पावसाळा, लेक दहा वर्षांची. चार-पाच दिवस बघते तर सिरिंज सकाळी रिकामी आणि लघवीला रंगच नाही. वाटलं, औषध खराब निघालं. मग गादी वाळत घालायला उचलली तर एका बाजूला हातभर ओला डाग. मी झोपले की ती सुई काढून गादीत खोचत होती. पंप रात्रभर कापसात औषध सोडत होता. मी तिला मारलं. ती रडली नाही. फ्रॉक वर करून पोट दाखवलं आणि म्हणाली, "आई, आता जागाच उरली नाही. कुठे टोचणार?" खरंच नव्हती. दोन्ही बाजूंना गाठीच गाठी.

त्या दिवशी मला कळलं की औषध कितीही चांगलं असलं तरी लेकराला सोसवलं नाही तर ते गादीतच जातं. म्हणून तोंडाने घ्यायचं औषध येणार असं ऐकलं की मी कान टवकारायचे.

ते औषध डेफेरिप्रोन. इंग्लंडमध्ये हायडर आणि कोंटोघिओर्गेस यांनी ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलं. लंडनमध्ये १९८७ साली पहिल्या रुग्णांना दिलं. पुढे त्याची मोठी चाचणी आपल्या मुंबईत झाली. डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९९२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजीमध्ये छापले. सिप्लाने ते केल्फर नावाने आणलं आणि १९९४-९५ च्या सुमारास जगात पहिली परवानगी भारतात मिळाली. युरोपला १९९९ साली मिळालं, अमेरिकेला २०११ साली. आपल्या मुलांना ते अमेरिकेच्या सोळा वर्षं आधी मिळालं, याचा मला आजही अभिमान वाटतो. ज्यांना पंप परवडतच नव्हता त्यांच्यासाठी ही कॅप्सूल म्हणजे पहिलंच खरं औषध होतं.

पण केल्फर साधं नव्हतं. हजारातल्या दहाएक जणांच्या रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी तळाला जातात. म्हणून दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ताप आला की कॅप्सूल बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासायला पळायचं, रात्र असली तरी. लेकीचे गुडघे दुखायचे, जिना उतरताना कठडा धरायची. कॅनडात तर याच औषधावरून मोठा वाद पेटला. डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना चाचणीत धोका दिसला, तो त्यांना रुग्णांना सांगायचा होता. अपोटेक्स कंपनीने १९९६ साली चाचणी थांबवली आणि त्यांना कायद्याचा धाक घातला. औषध पुढे टिकलं, त्याचा उपयोगही सिद्ध झाला. तरी माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. ज्या आईबापांच्या हातून औषध लेकराच्या तोंडात जातं, त्यांना शंका सुद्धा कळली पाहिजे.

फेरिटिन नुसतं रक्तातलं सांगतं. हृदयात किती लोह आहे ते बघणारी एमआरआय, टी-टू-स्टार म्हणतात, ती लंडनच्या लोकांनी २००१ साली मांडली. वीसच्या खाली गेलं की हृदयात लोह साठलंय असं समजायचं, दहाच्या खाली म्हणजे फार धोका. आम्ही पहिल्यांदा २००९ साली केली. तेरा आलं. फेरिटिन बरं होतं, हृदय नव्हतं. डॉक्टर म्हणाले, केल्फर आणि सुई दोन्ही एकत्र देऊ, केल्फर हृदयातलं चांगलं काढतं. पंचवीस वर्षांची लेक घरी आली, माळ्यावरून पंप काढला आणि ओट्यावर फडकं तिने स्वतः अंथरलं. मी नुसती दारात उभी होते. दोन वर्षांनी चोवीस आलं. आता ती डेफेरासिरॉक्सवर आहे, तुमच्या चिऊसारखीच. ते अमेरिकेत २००५ साली मंजूर झालं, दिवसातून एकदाच घ्यायचं. एकेचाळीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते.

गोदाकाठ (कोपरगाव)

मावशी, वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

तांब्याचं मी सांगतो. धाकट्या भावाला विल्सन आहे. सोळाव्या वर्षी अक्षर बिघडलं, हात थरथरायला लागला. दोन वर्षं आम्ही मनाचं समजत होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळाच्या कडेचं तपकिरी कडं बघितलं आणि तिथे निदान झालं. या आजारात तांबं यकृतात आणि मेंदूत साठतं.

सरांनी सांगितलेलं बीएएल १९५० च्या सुमारास विल्सनच्या रुग्णांना देऊ लागले. लोक सुधारायचे, पण ती तेलाची इंजेक्शनं जन्मभर कोण सोसणार? वाट काढली जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरने. पेनिसिलिन घेणाऱ्या एका रुग्णाच्या लघवीत त्यांना पेनिसिलामाइन सापडलं होतं. १९५५ साली बोस्टनमध्ये विल्सनचा रुग्ण समोर आला आणि त्यांना सुचलं की त्या रेणूला गंधक आहे, शेजारी नायट्रोजन आहे, तो तांबं धरेल. आधी त्यांनी ते स्वतः गिळून बघितलं, मग रुग्णाला दिलं. लघवीतून तांबं उतरू लागलं. १९५६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे एका रुग्णाला ते सोसेना, तर १९६९ साली वॉल्श यांनीच ट्रायेंटिन आणलं.

भाऊ पेनिसिलामाइनवर आहे, एकोणीस वर्षं झाली. पहिल्या काही आठवड्यांत हात जास्त थरथरले, हे होऊ शकतं असं आधी सांगितलेलं होतं म्हणून आम्ही टिकलो. आता किराणा दुकान चालवतो, हिशेबाची वही स्वतः लिहितो. गोळी एक दिवस चुकवत नाही. बरं वाटतंय म्हणून सोडलेल्यांचं यकृत थोड्याच काळात गेल्याचं डॉक्टरांनी बजावलेलं आहे.

पनवेलकर

विषय थोडा वेगळा. सासऱ्यांच्या हृदयात ब्लॉकेज आहेत. एकाने 'किलेशनच्या सलाईन'चा तीस बाटल्यांचा कोर्स सांगितलाय, ब्लॉकेज धुऊन निघतात म्हणे. ते हेच का?

रसायनाचे सर (मालवण)

औषध तेच, ईडीटीए, पण दावा वेगळा. त्याची अमेरिकेत नीट चाचणी झालेली आहे. २०१२ साली १७०८ जणांच्या पहिल्या चाचणीत थोडा फायदा दिसला होता, तोही मुख्यतः मधुमेह असलेल्यांत. म्हणून हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवर दुसरी चाचणी केली. २०२४ साली निकाल आला. रक्तातलं शिसं घटलं, पण हृदयाचे झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ईडीटीए दोन रूपांत मिळतं, एक कॅल्शियम धरलेलं, दुसरं नुसत्या सोडियमचं. नावं जवळजवळ सारखी. अमेरिकेत २००३ ते २००५ मध्ये किलेशन घेताना तिघे दगावले, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन. त्यात पाच वर्षांचा एक मुलगा होता, त्याला स्वमग्नतेसाठी ते दिलं होतं. सासऱ्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या, ते पैसे तिथे लावा.

चिऊचा बाबा (ठाणे)

मावशी, रात्री बायकोला तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. गादीपाशी आलो आणि पुढे वाचता येईना, तिने मोबाइल घेतला आणि उरलेलं तिने वाचलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ओघळलेलं औषध परत द्यायचं का? आणि गोळी आहे म्हणजे दर आठवड्याच्या तपासणीची गरज नाही ना?

मावशी१९८४ (डोंबिवली)

अंदाजाने परत देऊ नका, डॉक्टरांना विचारून ठरवा. पण आधी ओघळणार नाही असं बघू या. पाण्याऐवजी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात घोळवा, दोन्ही चालतात. दूध नको, सोडा असलेलं पेय नको. गोळी पूर्ण विरघळत नाही, गढूळ पाणी होतं, म्हणून ढवळल्या ढवळल्या पाजा. पिऊन झाल्यावर तळाशी साका राहतो. त्यात परत थोडा रस घालून तोही पाजायचा, त्यात बरंच औषध असतं. आमच्या ओळखीच्या एका बाळाचं फेरिटिन सहा महिने उतरत नव्हतं, कारण साका रोज मोरीत जात होता.

केल्फरसारखी दर आठवड्याची सीबीसी नाही, पण तपासण्या सुटल्या असं समजू नका. हे औषध मूत्रपिंडावर आणि यकृतावर ताण देऊ शकतं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी पहिल्या महिन्यात जास्त वेळा, मग दर महिन्याला, लघवीतलं प्रथिनही बघतात. चिऊला जुलाब-उलट्या झाल्या, ती पाणी पिईना, तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. कानांची आणि डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा. ती हमखास राहून जाते, कारण मूल लहान आहे, काय सांगणार म्हणून पुढे ढकलतात. पुढच्या रक्ताच्या तारखेला जाल तेव्हा आपणहून मागा.